हिरव्या टाकीची ऊब

"आमच्या साबणाच्या प्रत्येक वडीतील पामतेल हे जंगल न तोडता पिकवलेले, मळ्यापासून कारखान्यापर्यंत पूर्णपणे वेगळे राखलेले आणि शेवटच्या थेंबापर्यंत माग लागणारे आहे."

हे वाक्य नव्या वेष्टनाच्या नमुन्यावर, पोपटी पानाच्या चित्राखाली छापलेले होते. नमुना दाराएवढा मोठा करून कारखान्याच्या जेवणघराच्या भिंतीवर लावला होता. त्याच्यासमोर टेबलावर साबणाच्या वडीच्या आकाराचा केक होता. केकवरही तेच पान होते, फक्त ते खाता येण्याजोगे होते, आणि कारखान्याच्या मालक भावंडांतल्या धाकटीच्या मते भिंतीवरच्या पानापेक्षा तेवढ्यापुरते सरस होते.

धाकटीची उभी हयात पाठचिकित्सेत गेली होती. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रती समोर मांडायच्या, कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते शोधायचे आणि मधल्या लेखनिकांनी काय काय घुसडले ते बाजूला काढायचे, हा तिचा धंदा. त्या सवयीने तिने भिंतीवरचे वाक्य वाचायला घेतले. 'जंगल न तोडता' म्हणजे कोणते जंगल आणि कधीपासून? ज्या मळ्याखालचे जंगल मागच्या पिढीतच जाळून साफ झाले, तो मळा आज एकही झाड तोडत नाही. तोडायला उरलेच नाही, हा त्याच्या सदाचाराचा एकमेव पाया. 'माग लागणारे' खरेच, पण तो माग लागत होता फळे गाळणाऱ्या गिरणीपर्यंत. तिथे कुणाकुणाच्या मळ्यातली फळे येऊन पडतात हे गिरणीवाला सांगत नव्हता आणि त्याच्याकडून तेल आणणारा दलाल विचारत नव्हता. थोरल्या भावाच्या मते तर असले प्रश्न विचारणे म्हणजे एका सभ्य दलालाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे होते. मधल्या मधे धूर कुणाच्या फुप्फुसात गेला आणि कुणाच्या पायाखालची जमीन गेली, हे पोपटी पान सांगत नव्हते. पानाला तोंड नसते, हा वेष्टन काढणाऱ्या चित्रकाराचा मोठाच आधार.

तरी एवढे दोष कुठल्याही दुकानातल्या फळीवर सुखाने नांदताना दिसतात. या वाक्यातली खास घरची करामत होती ती 'पूर्णपणे वेगळे राखलेले' या शब्दांत.

कारखान्याच्या मागच्या अंगणात तेलाच्या दोन टाक्या होत्या. अलीकडेच एकीला हिरवा रंग दिला होता, दुसरी करडीच राहिली होती. हिरवीत प्रमाणपत्राचे, म्हणजे नीतिमान मळ्यांतले महाग तेल. करडीत दलालाचे, कुळशील न सांगणारे तेल. नवा साबण म्हणे केवळ हिरवीतून निघणार होता. वाक्याला संमती म्हणून तिन्ही भावंडांच्या सह्या लागत होत्या. थोरल्याची झाली होती, ताईची झाली होती. धाकटीचे पेन अजून पर्समध्ये होते.

"पोथीबाई," थोरल्याने केकच्या पलीकडून हाक मारली. बहीण प्राध्यापक झाली त्या दिवसापासून तो तिला याच नावाने हाक मारत होता. "वाचून झालं असेल तर सही कर. एका वाक्याला एवढा वेळ? आम्ही त्या वेळात साबणाचा आख्खा घाणा उतरवतो."

"उतरवतोस, मान्य. पण तुझा साबण धुतला की जातो. वाक्य राहतं."

"ऐकलं का, ताई? आता ही वाक्य धुवायला बसणार."

"बसू दे की," ताई म्हणाली. "अगं, पण तुझं नेमकं बिनसलंय कुठे? सगळे लावतात असली पानं. परवा मी चप्पल घेतली, तिच्यावरसुद्धा पान होतं."

ताई विक्री सांभाळत होती आणि आयुष्यभर भांडणात दोन्ही बाजूंना बरोबर म्हणत आली होती. तिचा नवरा, धाकटीचा भावजी, शेजारी बसून मन लावून केक खात होता. तो इंजिनीअर. कारखान्यात त्याला मान होता, पण थोरल्यासमोर नव्हता. मेहुण्यांनी सुचवलेली कोणतीही गोष्ट थोरल्याच्या लेखी आधी अशक्य असे आणि पुढे ती झालीच, तर ती मुळात थोरल्यालाच सुचलेली असे.

टेबलाच्या टोकाशी तपासनीसबाई बसल्या होत्या. कागदपत्रे त्यांनी पाहिली होती. जेवणानंतर टाक्या पाहायच्या आणि मग प्रमाणपत्र द्यायचे की नाही ते ठरवायचे, एवढेच राहिले होते. त्या शांत होत्या, चांगल्या जेवत होत्या आणि प्रत्येक विनोदाला हसत होत्या. अशा तपासनीसाची भीती वाटली पाहिजे, असे धाकटीला वाटून गेले. थोरल्याला तसे काही वाटत नव्हते. त्याला स्वतःचे विनोद हसण्याजोगे वाटत.

बशा उचलताना भिंगरीने धाकटीला बाजूला गाठले. भिंगरी म्हणजे थोरल्याची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेले नाव आता कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्याला चिकटले होते. बाहेरची चांगली नोकरी सोडून ती घरच्या कारखान्यात आली होती, ती बापाने शब्द दिला म्हणून: तेल कुठून येते ते तू ठरव, मी आड येणार नाही.

"आत्या, तू सही का करत नाहीस ते मला सांग. बाबांना नको, मला."

"त्या वाक्याखाली कुणाचं नाव छापणार आहेत?"

"माझं. जबाबदार अधिकारी म्हणून." मानेला झटका देऊन ती म्हणाली, "आणि मला अभिमान आहे त्याचा. सहा मळे मी स्वतः हिंडून आले. चांगली माणसं आहेत. तुला बसल्या जागी कागदात किडे सापडतात, पण मी चिखलातून चालून आलेय."

"तुझ्या मळ्यांबद्दल मला शंका नाही गं. मला शंका आहे ती फरशीखालच्या पाइपाची."

"कुठला पाइप?"

धाकटीने तिच्याकडे पाहिले. मुलीला खरेच ठाऊक नव्हते. तिच्या जन्माआधीच फरशी घातली गेली होती.

मग धाकटीने सांगितले. पामतेल थंडीत तुपासारखे थिजते. अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, कारखाना काढला तेव्हा वाफेची नळी घ्यायची ऐपत एकाच टाकीपुरती होती, ती करडीत बसवली. दुसरी टाकी, म्हणजे आजची हिरवी, हिवाळाभर गोठून पडे आणि पहाटे माणसे तिच्या तोंडाशी शेगड्या पेटवत. मग दोन्ही टाक्यांना जोडणारा पाइप जमिनीखालून काढला गेला आणि एक छोटा पंप बसवला. करडीतले तापलेले तेल दुसरीत जायचे, दुसरीतले गार तेल करडीत यायचे. टाक्या दोन, तेल एक.

"पोथ्यांतही हेच होतं," ती म्हणाली. "दोन घराण्यांच्या प्रती असतात. मग कुणीतरी भला माणूस एक प्रत समोर ठेवून दुसरी दुरुस्त करतो. त्यानंतर कुठला शब्द कुठल्या घराण्याचा, हे सांगायला देव आला तरी जमत नाही."

भिंगरीचा चेहरा उतरला, पण ती उभी राहणाऱ्यांपैकी नव्हती. तिने सरळ बापाला गाठले. धाकटी मागोमाग गेली.

"बाबा, दोन टाक्यांमध्ये पाइप आहे?"

थोरल्याच्या हातात कॉफीचा कप होता. तो न हलता तसाच राहिला, हे धाकटीने टिपले.

"होता," तो म्हणाला. "अण्णांच्या काळात. व्हॉल्व्ह केव्हाच बंद केलाय. पोथीबाईंना जुनं तेवढं आठवतं."

"नक्की बंद आहे?"

"अगं, मी सांगतोय ना."

भिंगरीने सुटकेचा श्वास टाकला आणि आत्याकडे असे पाहिले, की धाकटीला ते आयुष्यातल्या कुठल्याही वाईट परीक्षणापेक्षा जास्त लागले. मुलीने बापाचा शब्द घेतला होता. उद्या तो शब्द खोटा ठरला, तर वेष्टनावर नाव बापाचे नसेल. ज्या मळेवाल्यांच्या अंगणात ती बसून आली, त्यांच्यासमोर तिला पुन्हा जाता येणार नाही, आणि या धंद्यात तिला कुणी दारात उभे करणार नाही. भाऊ खोटे बोलला याचा धाकटीला राग नव्हता. तो लहानपणापासून आनंदाने खोटे बोलत आला होता. मुलीच्या नावाने बोलला, याचा होता. तो राग थंड होता. थंड राग तिला नेहमीच अधिक कामाला येई.

सगळे अंगणात आले. बाहेर कडाक्याची थंडी होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि ताईने शालीत स्वतःला गुंडाळून घेतले होते. हिरवी टाकी नव्या रंगात झळकत होती, करडी शेजारी गरीब नातेवाइकासारखी उभी होती. दोघींच्या मधोमध सिरॅमिकच्या भल्यामोठ्या कुंडीत तेलताडाचे, म्हणजे पामतेलाच्या झाडाचे, रोप होते.

"हे रोप आमच्या बांधिलकीचं प्रतीक," थोरला तपासनीसबाईंना म्हणाला.

"इथे? दोन टाक्यांच्या मधेच?" बाईंनी विचारले. "ऊन तर पलीकडे आहे."

"सावलीत वाढणारी जात आहे."

भिंगरीने वळून बापाकडे पाहिले. तेलताड सावलीत वाढत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. कुंडीवरची तिची नजर हलेना.

तपासनीसबाई टाक्यांभोवती फिरल्या. हिरवीची येणारी नळी पाहिली, जाणारी नळी पाहिली, दोन्हींवरच्या मोहरा पाहिल्या. सगळे चोख होते. थोरला त्यांच्यामागून मालकाच्या आणि मार्गदर्शकाच्या मधली कसली तरी चाल चालत होता. धाकटीने हातमोजा काढला आणि हिरव्या टाकीच्या पत्र्यावर तळवा टेकवला.

पत्रा कोमट होता. या थंडीत, स्वतःची वाफेची नळी नसलेल्या टाकीचा पत्रा.

तिला सगळे आताच बोलून टाकता आले असते. चार वाक्यांत प्रतिपादन, एका वाक्यात निष्कर्ष. भाषणे देऊन देऊन तिची जीभ त्यासाठी घडलेलीच होती. पण भाऊ मग लढला असता, ताईने दोघांना बरोबर म्हटले असते आणि भिंगरीला बाप आणि आत्या यांतले एक निवडावे लागले असते. धाकटीने फक्त विचारले.

"ताई, इकडे ये जरा. हात लाव. केवढी छान ऊब आहे. कशाने गं?"

ताईने शालीतून हात काढून लावला आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, ही यांची करामत," तिने नवऱ्याकडे बोट केले. "टाकी रंगवली ना, तेव्हा आतून अस्तर घातलं यांनी. लोकरीसारखं काहीतरी. मी तेव्हाच म्हटलं, आता ही कधी गार पडायची नाही."

भावजींच्या तोंडात अजून केकचा तुकडा होता. त्यांनी तो सावकाश गिळला. "छे, तसं फार काही नाही," ते म्हणाले. हे वाक्य खरे होते, पण त्यांनी ते अशा विनयाने उच्चारले, की ऐकणाऱ्याला उलटेच वाटावे. धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. भावजींना सगळे ठाऊक आहे, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आले. इतकी वर्षे थोरल्यासमोर मान खाली घालून बसण्याच्या कलेत ते किती पारंगत आहेत, तेही.

तपासनीसबाईंनी हात लावला. "वा. बाहेर एवढी थंडी आणि आत ही ऊब, केवळ अस्तराने? मी पुष्कळ कारखाने पाहिलेत, असं काम पाहिलं नाही. तुमचं नाव अहवालात घालते हं, इंजिनीअरसाहेब."

"कशाला उगाच," भावजी म्हणाले.

"घाला, घाला," ताई म्हणाली. "यांना घरात कुणी विचारत नाही. दादाला तर म्हणत होते मी, बक्षीस द्या म्हणून."

थोरल्याच्या कानाची पाळी लाल झाली. धाकटीला ती खूण लहानपणापासून माहीत होती. अण्णांनी शेजाऱ्याच्या मुलाचे कौतुक केले, की ती अशीच लाल होई.

"अस्तर," थोरला म्हणाला.

"काय म्हणालात?" तपासनीसबाई.

"अस्तराने ऊब टिकते, मॅडम. येत नाही. गोधडी पांघरली म्हणून मढं गरम होतं का?"

"दादा," ताई दुखावली. "एवढं कुत्सित बोलायची काही गरज आहे? माझ्या नवऱ्याचं एकदा तरी चांगलं म्हणशील?"

"तुझ्या नवऱ्याने रंग चांगला दिलाय. तेवढं म्हणतो."

"मग ऊब कुठून येते?" ताईने कंबरेवर हात ठेवला. आयुष्यभर दोन्ही बाजूंना बरोबर म्हणणाऱ्या त्या बाईने पहिल्यांदाच एक बाजू धरली होती, आणि ती सोडायला तयार नव्हती. "सांग ना. नसेल अस्तराची, तर कुणाची? हे सांगितल्याशिवाय मी माझी सही ठेवत नाही. आत्ता जाऊन खोडते."

भिंगरी बापाकडे पाहत होती. तिला आता कळले होते, आणि तिला कळले आहे हे बापाला कळले होते. थोरल्याने एकवार कुंडीकडे पाहिले, एकवार मेहुण्यांकडे. मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठांवरचे केकचे कण शांतपणे टिपले. त्या टिपण्यात जे समाधान होते ते थोरल्याच्या सहनशक्तीच्या पलीकडचे होते.

तो पुढे झाला, वाकला आणि त्याने बांधिलकीचे प्रतीक दोन्ही हातांनी कवटाळून बाजूला ढकलले. खाली लोखंडी झाकण होते. त्याने ते उचलले. आतून उबदार हवेचा झोत आला, तेलाचा जुना, गोडसर वास आला आणि पंपाची बारीक घरघर ऐकू आली.

"लावा हात," तो तपासनीसबाईंना म्हणाला. "इथे लावा. आणि सांगा, अस्तर आहे का हे."

त्यांनी हात लावला. मग ताईने लावला. मग भावजींनी, आणि म्हणाले, "सुरेख जोड आहे. अजून गळत नाही." ही दाद मनापासून होती. थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदाच मेहुण्यांची एखादी गोष्ट वाद न घालता स्वीकारली.

"गळेल कशी," तो म्हणाला.

भिंगरीने शेवटी हात लावला. बराच वेळ ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या सहा मळ्यांचं तेल इथे येऊन त्या दलालाच्या तेलात मिसळतं. रोज. आणि त्याच्याखाली माझं नाव."

"मिसळतं," थोरला म्हणाला. तो आता झाकणाच्या कडेवरच बसला होता आणि त्याचा आवाज खाली आला होता. "काढून टाकू तुझं नाव."

"नाव ठेवा. वाक्य काढा," भिंगरी म्हणाली. "मिसळलेलं आहे तर मिसळलेलं आहे असं छापू. आणि दलाल पण काढा. म्हणजे मग पाइप राहू दे की, फिरू दे तेल हवं तेवढं."

ताई हसली. मग तपासनीसबाई हसल्या, पण त्यांनी वहीसुद्धा उघडली. हिरव्या पानाचे प्रमाणपत्र आज मिळणार नाही, असे त्यांनी सौम्यपणे सांगितले. दोन्ही टाक्यांचे तेल एकच धरावे लागेल. मिश्र तेलाचा दाखला मागायचा, तर पुन्हा अर्ज करता येईल. मात्र हे सगळे अहवालात मालकांच्या तोंडून यायला हवे.

"लिहा," थोरला म्हणाला. "भिंगरी, तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"सुधारून लिहू?"

"नाही," धाकटी म्हणाली. त्या दुपारी तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोलला तसं. मी ताडून पाहणार."

"पाहशीलच, पोथीबाई," थोरला म्हणाला. "चाळीस वर्षं त्याच्यासाठीच शिकलीस." आणि तो सांगू लागला. तपासनीसबाईंच्या अहवालात त्याचे निवेदन आजही आहे तसे आहे. ते धाकटीने ताडून पाहिले, आणि त्यात तिला लेखनिकाचा एकही प्रमाद आढळला नाही:

"तो पाइप अण्णांचा नाही, माझा आहे. एकोणीस वर्षांचा होतो, डोळ्यांच्या भुवया जाळून घेऊन मी तो जोडला, आणि त्या हिवाळ्यात आमची टाकी पहिल्यांदा गोठली नाही, तेव्हा अण्णांनी सगळ्या कामगारांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढा एकदाच ठेवला. व्हॉल्व्ह बंद केला असं मी सगळ्यांना सांगत आलो, मुलीलाही आज जेवणानंतर सांगितलं, आणि मी तो एक दिवसही बंद केला नाही. दोन्ही टाक्यांतलं तेल एकच आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. भिंतीवरचं वाक्य मी लिहिलं, माझ्या मुलीने नाही. वाक्य खोटं आहे. पाइप मात्र एक नंबर आहे, हेही लिहा."